मदत हवी आहे: बीए इंग्रजी, नाशिकमध्ये नवीन, काम कुठे आणि कसं शोधावं?

नवी_नाशिककर

नमस्कार मंडळी. लग्नानंतर परभणीहून नाशिकला आले आहे. शिक्षण बीए इंग्रजी, ५८ टक्के, नांदेड विद्यापीठ. बीएड नाही, एमए नाही. एमएस-सीआयटी झालंय आणि इंग्रजी टायपिंग ४० चं प्रमाणपत्र आहे. इंग्रजी लिहायला-वाचायला अडचण नाही, बोलताना अडखळते. पाथर्डी फाट्याजवळ राहते, स्वतःची गाडी नाही.

नोकरीच्या साइटवर 'बीए इंग्लिश नाशिक' टाकलं की शाळा नाहीतर कॉल सेंटर, एवढंच दिसतं. या डिग्रीवर इथे आणखी काय मिळू शकतं? बीएड केल्याशिवाय शाळेत घेतात का? आणि घरून भाषांतराचं काम खरंच मिळतं का? जाणकारांनी सांगावं.

सातपूर_लोकल

डिग्रीच्या नावाने शोधू नका, कामाच्या नावाने शोधा. 'डॉक्युमेंट कंट्रोलर', 'क्यूए डॉक्युमेंटेशन', 'सेल्स कोऑर्डिनेटर', 'एमआर असिस्टंट' हे शब्द टाकून बघा. (एमआर म्हणजे मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह, दर्जाच्या व्यवस्थेची जबाबदारी पाहणारा. आयएसओ ९००१ या दर्जा व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीने हे पद सक्तीचं ठेवलेलं नाही, पण कारखान्यांत अजून सगळे एमआरच म्हणतात.) अंबड एमआयडीसी तुमच्या दारात आहे, सातपूरही लांब नाही. दोन्हीकडे गाड्यांचे आणि इलेक्ट्रिकलचे सुटे भाग करणारे लहान-मध्यम कारखाने भरपूर आहेत. त्यांचं गिऱ्हाईक मोठी कंपनी किंवा थेट परदेशातलं, म्हणून सगळा कागद इंग्रजीत. आणि तो लिहिणारा बहुतेक वेळा डिप्लोमा झालेला इंजिनिअर. त्याला काम येतं, वाक्य येत नाही.

काम असं असतं. आयएसओ ९००१ मध्ये कलम ७.५ कागदपत्रांच्या नियंत्रणाचं आहे. प्रत्येक एसओपीला (कामाची ठरलेली पद्धत), वर्क इन्स्ट्रक्शनला (एकेका कामाच्या लेखी पायऱ्या), फॉरमॅटला नंबर आणि रिव्हिजन द्यायची, मास्टर लिस्ट अद्ययावत ठेवायची आणि नवी रिव्हिजन निघाली की मशीनजवळ लावलेली जुनी प्रत काढून आणायची. ऑडिटमध्ये सापडतं ते हेच: कॉम्प्युटरवर रिव्हिजन ३ आणि मशीनवर चिकटवलेली रिव्हिजन १. वर्क इन्स्ट्रक्शन लिहिताना एका पायरीत एकच कृती आणि जिथे माप आहे तिथे आकडा. 'नीट घट्ट करा' चालत नाही, किती न्यूटन-मीटरला ते लिहावं लागतं.

दुसरं काम एट-डी रिपोर्टचं. गिऱ्हाइकाकडून तक्रार आली की आठ टप्प्यांचं उत्तर द्यायचं. तिसऱ्या टप्प्यात तात्पुरता बंदोबस्त (माल अडवला, शंभर टक्के तपासला वगैरे), तो बरेचदा २४ तासांत मागतात. चौथ्यात मूळ कारण, पाचव्यात कायमचा उपाय. चौथ्यात सर्रास 'ऑपरेटर मिस्टेक' आणि पाचव्यात 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं' असं लिहून पाठवतात, आणि रिपोर्ट परत येतो. कारण गिऱ्हाइकाला हे हवं असतं की चूक होऊ शकली कशी आणि तपासणीत सुटली कशी. पार्ट उलटा बसतोय, तर फिक्स्चरमध्ये तो उलटा बसूच नये अशी पिन का नव्हती? कारण शोधणं इंजिनिअरचं काम. त्याच्याकडून नेमका प्रश्न विचारून ते काढायचं आणि साध्या इंग्रजीत मांडायचं, हे तुमचं. मुलाखतीत एवढं माहीत आहे असं दिसलं तरी बाकीच्या अर्जांतून तुमचा वर येतो.

लागणाऱ्या गोष्टी: एक्सेलमध्ये फिल्टर, व्हीलुकअप, पिव्हट, वर्डमध्ये हेडर-फूटर, टेबल आणि ट्रॅक चेंजेस. अर्ज साइटवर टाकून थांबू नका. सातपूरची निमा आणि अंबडची आयमा या उद्योजकांच्या संघटना आहेत, त्यांच्या सभासदांमधून जवळचे कारखाने निवडा आणि क्वालिटी हेड किंवा एचआरला मेल करा. मेल दहा ओळींच्या आत. सोबत स्वतः लिहिलेली एक पानी वर्क इन्स्ट्रक्शन जोडा, विषय कुठलाही चालेल, अगदी प्रिंटरचं टोनर बदलणं. प्रत्यक्ष जायचं तर आधी फोन करा. एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं नाही आणि गेटवरचा वॉचमन नाव विचारल्याशिवाय आत सोडत नाही.

खडूफळा

शाळांचं सांगतो. बीएडशिवाय इंग्रजी माध्यमाच्या खासगी विनाअनुदानित शाळा पूर्वप्राथमिकला किंवा 'असिस्टंट टीचर' म्हणून घेतात, पण पगार तुटपुंजा आणि पुढे वाढ नाही. या क्षेत्रात राहायचं असेल तर बीएड करावंच लागेल. दोन वर्षं, प्रवेश राज्याच्या सीईटीतून, खुल्या गटाला पदवीला ५० टक्के लागतात, तुम्हाला ५८ आहेत. पहिली ते आठवीसाठी वर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) हवी. पेपर १५० प्रश्नांचा, १५० गुणांचा, अडीच तास. उत्तीर्ण व्हायला खुल्या गटात ९० गुण. सहावी ते आठवीला शिकवायचं तर पेपर दुसरा. केंद्राची सीटीईटी याच धर्तीवर होते, सीबीएसई शाळांत ती विचारतात.

भरतीची वेळ सांभाळा. सीबीएसईचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून मुलाखती फेब्रुवारी-मार्चमध्ये. राज्य मंडळाच्या शाळा जूनला सुरू होतात, तिथे एप्रिल-मे. जुलैत अर्ज केला तर फक्त कुणी मध्येच सोडून गेलेल्याची जागा मिळते. त्यातही वाईट नाही, प्रसूती रजेवरच्या बदलीच्या जागा अशाच भरतात.

डेमो लेसन १५ ते २० मिनिटांचा असतो. बहुतेक उमेदवार व्याख्येपासून सुरू करतात आणि पडतात. 'पॅसिव्ह व्हॉइस' दिला तर फळ्यावर व्याख्या लिहू नका. चार वाक्यं लिहा, मुलांकडून बदलून घ्या, नियम शेवटी. आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका.

एक ताकीद. काही शाळा मूळ गुणपत्रकं 'जमा' करून घेतात, वर्ष संपेपर्यंत देत नाहीत. मूळ कागद दाखवायचे, ठेवायच्या त्या स्वसाक्षांकित प्रती.

द्राक्षवेल

निर्यातीचं काम अजून कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. दिंडोरी, मोहाडी, पिंपळगाव बसवंत, ओझर या पट्ट्यातले द्राक्ष निर्यातदार हंगामाआधी डॉक्युमेंटेशनला माणसं घेतात. हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल, तेव्हा विचारायला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जा. काहींची ऑफिसं शहरातही आहेत, तीच आधी बघा, कारण पाथर्डी फाट्याहून पिंपळगाव रोजचं जाणं-येणं बसने जड जाईल.

एका कंटेनरमागे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो (मालावर कीड-रोग नसल्याचा दाखला), सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती) आणि युरोपला माल असेल तर कीटकनाशकाच्या अवशेष तपासणीचा लॅब रिपोर्ट, अ‍ॅगमार्क, अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट पोर्टलवरची बागेची नोंदणी. यात इंग्रजी थोडं, काटेकोरपणा जास्त. ४.५ किलोचे ३,००० बॉक्स म्हणजे निव्वळ १३,५०० किलो. हा आकडा प्रत्येक कागदावर तोच हवा. खरेदीदाराच्या नावात एका कागदावर 'लिमिटेड' आणि दुसऱ्यावर 'एलटीडी' पडलं तरी बँक किंवा तिकडचा कस्टम बोट ठेवू शकतो. बीएल एकदा निघालं की दुरुस्तीला शिपिंग लाइन पैसे घेते, म्हणून ड्राफ्ट आला की ओळीवर पट्टी ठेवून वाचायचा.

कांद्याचे निर्यातदारही असतात, पण तिथे धोरणाचा भरवसा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली ती मे २०२४ मध्ये उठली. माल हलला नाही की कागद करणाराही रिकामा.

नवी_नाशिककर

खूप आभार. यातलं निम्मं माहीतच नव्हतं. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. एक, व्हॉट्सअ‍ॅपवर घरून डेटा एंट्रीचं काम आलंय: २,५०० रुपये रजिस्ट्रेशन, करारावर सही, आठवड्यात ठरावीक फॉर्म भरायचे. घ्यावं का? दुसरं, कॉल सेंटर अगदीच टाळावं का?

शब्दाला_दर

ताई, ते डेटा एंट्री अजिबात घेऊ नका. पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. फॉर्म पूर्ण केले की 'अचूकता कमी आली' म्हणतात, कराराकडे बोट दाखवून दंड मागतात आणि वकिलाच्या नावाची नोटीस पाठवतात. नोटिशीला घाबरून पैसे भरणारे असतात, त्यांच्यावरच हा धंदा चालतो. कुणी फसलं असेल तर पैसे भरायचे नाहीत, स्क्रीनशॉट जपायचे, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायची. नोकरीसाठी कुठेही, कशाच्याही नावाने आधी पैसे द्यायचे नाहीत.

भाषांतराचं काम मिळतं, पण पहिले काही महिने यावर घर चालवायचा विचार करू नका. एजन्सी २५०-३०० शब्दांची चाचणी देते, ती फुकट करायला हरकत नाही. हजार-दोन हजार शब्दांची 'चाचणी' म्हणजे त्यांचं काम फुकटात. दर मूळ मजकुराच्या शब्दाला ठरवा आणि मेलवर लिहून घ्या. नीट केलं तर दिवसाला २,००० शब्द पुरे होतात. हल्ली यंत्राने केलेलं भाषांतर सुधारण्याचं काम जास्त येतं, त्याला दर कमी. कच्चा मजकूर फार वाईट असेल तर ते नव्याने लिहिण्यापेक्षा महाग पडतं, म्हणून होकार देण्याआधी दोन पानं मागून बघा.

मराठी टायपिंग युनिकोडमध्ये, शक्यतो इनस्क्रिप्ट या कीबोर्डवर शिका. शहरातले छापखाने श्री-लिपी (युनिकोड नसलेले जुने फॉन्ट) मागतील, एजन्सी ती घेणार नाही. ओमेगा-टी हे भाषांतराचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यावर सराव करा. सुरुवात इंग्रजीतून मराठीत करा. उलट दिशेला दर बरा असतो पण तपासणी कडक.

एकाच गिऱ्हाइकाकडून वर्षात ५०,००० च्या वर बिल गेलं की बहुधा १० टक्के टीडीएस कापतात. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकतो, म्हणून पॅन बिलावर लिहीत चला.

रात्रपाळी

कॉल सेंटर टाळा असं नाही, पण 'व्हॉइस' आणि 'नॉन-व्हॉइस' वेगळं विचारा. बोलताना अडखळत असाल तर ईमेल-चॅट प्रोसेस मागा. तिथे टायपिंगचा वेग आणि एका रागावलेल्या ग्राहकाला उत्तर लिहायची चाचणी असते. उत्तरात पहिल्या दोन ओळींत नेमकी अडचण पुन्हा मांडा, मग काय करणार आणि कधीपर्यंत ते लिहा. तीन वेळा माफी मागू नका. रात्री साडेनऊनंतरची पाळी बाईच्या संमतीशिवाय लावता येत नाही आणि दारापर्यंत वाहन द्यावं लागतं, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यातच आहे. 'पिकअप कॉमन पॉइंटवरून' म्हणाले तर तिथेच विचारा.

कट्ट्यावरचा

बीएला काही किंमत नाही, एमबीए करा.

सातपूर_लोकल

दोन वर्षं आणि फी कोण देणार ते पण सांगा की राव.

ताई, ऑफर आली तर सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) ऐकून हो म्हणू नका. ग्रॉस १५,००० आणि त्यात बेसिक १०,००० धरा. कंपनी स्वतःचा पीएफ वाटा शुल्कांसह १,३०० आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) ४८८ मिळवून सीटीसी १६,७८८ सांगणार. तुमच्या पगारातून पीएफ १,२०० आणि ईएसआय ११३ जाणार. व्यवसाय कर बायकांना २५,००० पर्यंत नाही. म्हणजे हातात १३,६८७. काही ठिकाणी ग्रॅच्युइटीही सीटीसीत धरतात. पीएफ-ईएसआय कापत नाही म्हणजे जास्त पैसे हातात, असा हिशेब करू नका. ईएसआय असेल तर दवाखाना निघतो.

आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर हे आधी बघा. डिग्रीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच, असं झालं की पीएफचा यूएएन (कायमचा खाते क्रमांक) काढताना आणि नंतर पैसे काढताना अडतं. आधार, पॅन आणि बँक या तिन्हींवर अक्षरन्‌अक्षर एकच नाव ठेवा, डिग्रीसोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडा.

खडूफळा

त्यालाच जोडून. पुढे नाशिकच्या कॉलेजात एमए करायचं मनात असेल तर नांदेड विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र आताच मागवून ठेवा, इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाची आहेत आणि पात्रतेच्या फाइलला ते लागतं. नोकरी सांभाळून करायचं तर इग्नूचं एमए इंग्रजी आहे, प्रवेश जानेवारी आणि जुलैला. एमएला ५५ टक्के पडले तर सेट (कॉलेजात शिकवण्यासाठीची राज्याची पात्रता परीक्षा) देता येते. दोन पेपर मिळून ३०० गुण, तीन तास, उणे गुण नाहीत. कॉलेजात तासिका तत्त्वावर घेताना सेट किंवा नेटवाल्यांना आधी बोलावतात. तसंच टायपिंग ४० चं प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. क्लार्क-टायपिस्टच्या जागांना ते लागतं, आणि जिल्हा न्यायालयाच्या भरतीत त्यासोबत मराठी ३० पण मागतात. ते तुमच्याकडे नाही, तेव्हा पुढच्या परीक्षेचा फॉर्म जवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून भरून टाका.