दहा वर्षांचं संशोधन एका यादीत कसं मांडायचं?

पुस्तकघर
नमस्कार मंडळी. मी एका अभियांत्रिकी संस्थेत ग्रंथपाल आहे. काही वर्षांपूर्वी संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला, नावही बदललं. आता कुलगुरूंनी गेल्या दहा वर्षांत सिव्हिलपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्या विभागांनी काय संशोधन केलं त्याची एकत्र यादी मागितली आहे. महिनाअखेरीस द्यायची आहे.

स्कोपस, वेब ऑफ सायन्स, ओपनअ‍ॅलेक्स या संशोधन-लेखांच्या ऑनलाइन सूची, तिन्हीकडे शोधलं. तिघांचे आकडे एकमेकांच्या जवळपासही नाहीत. कॉम्प्युटरचा आकडा एके ठिकाणी इतका लहान आला की विभागप्रमुख माझ्यावरच नाराज झाले. मेकॅनिकलच्या एका सरांचं काम मी वीस वर्षं बघते आहे, ते जेमतेम दोनदा सापडतात. यादी चुकते आहे हे दिसतंय, सुधारायची कशी ते कळत नाही. कोणी हे काम केलं असेल तर सविस्तर सांगा.

अल्गोरिदम_पुणे
कॉम्प्युटरपुरतं सांगतो. मेकॅनिकल-सिव्हिलवाले जर्नलमध्ये लिहितात, आमच्याकडे चांगलं काम आधी कॉन्फरन्सला जातं. तिथली छाननी कडक असते आणि निकाल काही महिन्यांत लागतो. वेब ऑफ सायन्समध्ये कॉन्फरन्सच्या पेपरांची सूची वेगळी आहे. तुमच्या संस्थेच्या वर्गणीत ती नसेल तर आमचा विभाग रिकामाच दिसणार. डीबीएलपीवर एकेका प्राध्यापकाचं नाव घालून बघा. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली सुरू झालेली ही सूची मोफत आहे आणि फक्त संगणकशास्त्राची आहे.

आणखी एक विनंती, नुसती संख्या देऊ नका. आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवालांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या दोन विद्यार्थ्यांबरोबर २००२ साली दाखवून दिलं की एखादी संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळात, म्हणजे संख्येचे अंक वाढले तरी आवाक्यात राहणाऱ्या वेळात, ठरवता येतं. २००४ साली छापून आला तेव्हा तो पेपर तेरा पानांचा होता. २००६ साली त्याला संगणकशास्त्रातला ग्योडेल पुरस्कार मिळाला. मोजणीच्या तक्त्यात तोही 'एक'च.

जुने_रजिस्टर
ताई, मी एकतीस वर्षं तांत्रिक महाविद्यालयांची ग्रंथालयं सांभाळली, निवृत्तीच्या आधी तीन वर्षं हीच यादी केली. तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

सुरुवात संस्थेच्या नावापासून करा. माटुंग्याच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या नावातला 'व्ही' १९९७ पर्यंत व्हिक्टोरियाचा होता, मग वीरमाता जिजाबाईंचा झाला. तिथल्याच यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेची यूआयसीटी झाली आणि २००८ साली आयसीटी. पुण्याचं सीओईपी हे अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ पासून तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. माणसं तीच, प्रयोगशाळा तीच, पण पेपरवर लिहिणारा त्या दिवशी जे नाव लिहील त्या नावाखाली तो पेपर जातो. कोणी 'गव्हर्नमेंट' लिहितो, कोणी गाळतो, कोणी फक्त ज्या विद्यापीठाशी संलग्न त्याचं नाव टाकतो. मी आमच्या संस्थेच्या नावाची रूपं वहीत लिहीत गेलो, सतरा भरली. प्रत्येक रूपानं वेगळा शोध घ्या.

मग माणसांची नावं. आपल्याकडे 'पाटील एस. आर.' किती असतील! दोन पाटलांचं काम एकाच्या खात्यावर जमा झालेलं मी पाहिलं आहे. सर्वांत जास्त नुकसान बाईमाणसांचं होतं. आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मॅडमनी पीएचडी माहेरच्या नावानं केली, पुढचे पेपर सासरच्या नावानं, आणि मधली चार वर्षं दोन्ही आडनावं जोडून. सूचीत त्या तीन वेगवेगळ्या बायका होत्या, तिघीही नवशिक्या दिसत होत्या. त्यांना समोर बसवून ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाची कायमची ओळख ठरणारा, सोळा अंकी क्रमांक काढून दिला आणि सगळे पेपर त्याला जोडले. जोडून झाल्यावर त्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "एवढं केलं होतं मी?" म्हणून सांगतो, हे काम ईमेल पाठवून होत नाही. प्रत्येकाच्या केबिनमध्ये जाऊन बसा, चहा घ्या, त्यांच्या देखत यादी वाचा.

आता तुमचे मेकॅनिकलवाले सर. माझा अंदाज आहे की त्यांचं काम एम.टेक.च्या प्रबंधांत आहे. पीएचडीचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा या ऑनलाइन संग्रहावर चढतात, एम.टेक.चे कपाटात राहतात. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पाकिटात सीडी. मी एकदा आमचं कपाट उपसलं तेव्हा गुऱ्हाळाच्या चुलवाणावरचे पाच प्रबंध लागोपाठ निघाले, मार्गदर्शक एकच. चिपाड किती जळतं, धुराड्यातून किती उष्णता वाया जाते, काहिलीखाली हवा कुठून सोडावी. एका पोरानं हंगामभर गुऱ्हाळावर राहून दर अर्ध्या तासाला तापमान लिहिलं होतं, परिशिष्टाच्या झेरॉक्सवर रसाचे डाग तसेच होते. यातल्या एकाचाही पेपर झाला नव्हता. मी ते पाचही यादीत घातले, 'प्रबंध' असा वेगळा रकाना करून.

आणि बनवलेल्या वस्तू विसरू नका. सीओईपीच्या मुलांनी घडवलेला 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ वर गेला. वजन जेमतेम एक किलो. दिशा राखण्यासाठी आत मोटर वगैरे काही नाही, पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा आधार घेऊन तो स्थिर होतो. हे एखाद्या पेपरपेक्षा कमी संशोधन आहे असं मला कोणी सांगू नये.

टेस्टिंग_लॅब
वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त पेटंटच्या रकान्यात 'अर्ज केला', 'प्रसिद्ध झालं' आणि 'मंजूर झालं' हे तीन भाग वेगळे ठेवा. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो, त्याचा अर्थ पेटंट मिळालं असा नाही. पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकत्र मोजलेलं बघितलं आहे. शिवाय छापून आल्यावर मागे घेतलेले पेपर आधीच शोधून ठेवा. शिक्षणसंस्थांची सरकारी क्रमवारी लावणाऱ्या एनआयआरएफनं २०२५ पासून त्यासाठी गुण कापायला सुरुवात केली आहे.

पुस्तकघर
सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभरात एवढं झालं: संस्थेच्या नावाची अकरा रूपं सापडली. डीबीएलपीवरून कॉम्प्युटरची यादी केली, विभागप्रमुखांनी स्वतः बसून तपासली.

काल मेकॅनिकलच्या सरांकडे गेले. जुने_रजिस्टर काका, तुमचा अंदाज खरा ठरला. त्यांच्या हाताखाली झालेले तेवीस प्रबंध आमच्याच तळघरात होते, सहकारी सूतगिरण्यांच्या आणि साखर कारखान्यांच्या यंत्रांवरचे. तीन सीडींचा मुलामा निघालाय, त्या वाचता येत नाहीत. सरांनी खिशातून जुनी डायरी काढली आणि त्या तिन्ही विद्यार्थ्यांचे फोन नंबर मला लिहून दिले. एकाला तिथूनच फोन लावला. त्याच्याकडे मूळ फाइल आहे.

एक अडचण राहिली. एम.टेक.चे प्रबंध स्कॅन करून संस्थेच्या डीस्पेस या ऑनलाइन संग्रहावर ठेवायचे तर विद्यार्थ्याची लेखी परवानगी घ्यावी का? काहींचा पत्ताच नाही.

जुने_रजिस्टर
पूर्ण प्रबंध सगळ्यांसाठी खुला करायचा तर घ्याच. ज्यांचा पत्ता नाही त्यांचं शीर्षक, सारांश आणि मार्गदर्शकाचं नाव तेवढं खुलं करा, पूर्ण प्रत ग्रंथालयात येऊन वाचू द्या. स्कॅन मात्र सगळ्यांचं आत्ताच करून ठेवा. तळघर म्हणालात ना? पावसाळ्याच्या आत कपाट वर हलवा.