मदत हवी आहे: मेलमन ३ मध्ये ओळखीच्या संस्थेची पत्रं अडकतात, परवानग्या कशा लावाव्यात?

नमस्कार मंडळी,

मराठी माध्यमाच्या शाळांत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी दोन मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर लिहिलेलं पत्र सगळ्या सदस्यांना पोचवणाऱ्या ईमेल याद्या) मी सांभाळते. 'सूचना'वर फक्त आम्ही चौघे संपादक लिहितो, 'चर्चा'वर सगळेच. त्या चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे मेलमन; आधी मेलमन २.१ होतं. ते पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं आणि पायथन २ चा अधिकृत सांभाळ २०२० च्या सुरुवातीलाच थांबला, म्हणून आता मेलमन ३ वर आलोय.

'चर्चा'वर डिफॉल्ट मेंबर अ‍ॅक्शन 'होल्ड' ठेवलंय, म्हणजे सदस्याचं पत्र मी सोडेपर्यंत रांगेत थांबतं. नव्या सदस्याचं पहिलं पत्र मी वाचून सोडते आणि मग त्याच्या नावापुढे 'डिफॉल्ट प्रोसेसिंग' (नेहमीच्या तपासण्या होऊन पत्र पुढे जाणं) लावते. 'अ‍ॅक्सेप्ट इमीजिएटली' मुद्दाम टाळलं, कारण त्यात पत्राच्या आकारासारख्या बाकीच्या तपासण्या गळतात आणि कुणीतरी प्रयोगाचे जडजड फोटो सगळ्यांना पाठवतं. इथवर ठीक आहे.

अडलंय ते पुढे. एका प्रशिक्षण संस्थेतली मंडळी सदस्य नाहीत, पण आमच्या शंकांना तीच उत्तरं देतात. त्यांच्या डोमेनचा (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाचा) ^ ने सुरू होणारा पॅटर्न, म्हणजे पत्ते ओळखणारा नमुना, 'अ‍ॅक्सेप्ट दीज नॉन-मेंबर्स' या, बाहेरच्यांची पत्रं थेट सोडणाऱ्या यादीत टाकलाय. काहींची पत्रं सरळ जातात, काहींची दर वेळी रांगेत थांबतात. डोमेन तर एकच! प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी विचारलेल्या शंकेचं उत्तर दोन दिवसांनी पोचलं तर त्या शिक्षकाच्या काय कामाचं? मला हे मनापासून लागतं, म्हणून विचारतेय.

शिवाय जुने सदस्य एकगठ्ठा घालायचे आहेत. प्रत्येकाला पुन्हा कन्फर्मेशनचा मेल गेला तर निम्मे तरी तो उघडणार नाहीत. आणि नव्यांसाठी 'कन्फर्म' (त्यांनी मेलवर होकार देणं) पुरे, की 'कन्फर्म देन मॉडरेट' (त्यानंतर माझीही मंजुरी)?

प्रतिसाद १

ताई, पॅटर्न बरोबर आहे. यूझर्समध्ये नॉन-मेंबर्सची यादी उघडा. बाहेरच्या कुणाचं पत्र आलं की मेलमन ३ त्या पत्त्याची तिथे नोंद करतो. त्या नोंदीवर 'होल्ड' थेट लागलेलं असेल तर तेच चालतं, तुमच्या पॅटर्नपर्यंत गाडी जातच नाही. अडकणाऱ्या पत्त्यांना 'लिस्ट डिफॉल्ट' (स्वतंत्र नियम न ठेवता लिस्टचाच नियम) करा, म्हणजे पॅटर्न तपासला जाईल.

जुन्या सदस्यांसाठी मास सबस्क्राइबमध्ये प्री-कन्फर्म्ड (होकार आधीच मिळालेला), प्री-अप्रूव्ह्ड (मंजुरी आधीच दिलेली) आणि प्री-व्हेरिफाइड (पत्ता आधीच तपासलेला) या तिन्हींवर टिक करा. शेवटची टिक मात्र पत्ते खरंच त्यांचे आहेत अशी खात्री असेल तरच.

नव्यांसाठी 'कन्फर्म' पुरेसं आहे. पहिलं पत्र तुम्ही वाचताच, मग दारावर आणखी एक पहारा कशाला? पण 'ओपन' (होकार न विचारताच सदस्य करणं) कधीही ठेवू नका, दुसऱ्याचा पत्ता कुणीही घालून जाईल.

प्रतिसाद २

'सूचना'बद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. चौघांना थेट परवानगी दिली असेल तर ती काढा. मेलमधलं 'फ्रॉम' कुणालाही खोटं लिहिता येतं आणि या परवानग्या त्याच पत्त्यावर ठरतात. चौघांचीही पत्रं होल्डवर ठेवा आणि दुसऱ्या संपादकाने सोडावीत. 'परीक्षा पुढे ढकलली' असा बनावट मेल तुमच्या नावाने गेला तर निस्तरणं फार कठीण.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. संस्थेतल्या तीन पत्त्यांवर खरोखरच 'होल्ड' होतं. ते बदललं आणि आज सकाळचं उत्तर थेट पोचलं. 'सूचना'चंही पटलं, आजच बदलते.

एक राहिलं: काही शिक्षक घरच्या पत्त्यावर सदस्य आहेत आणि लिहितात शाळेच्या पत्त्यावरून. त्यांचं काय करू?

प्रतिसाद १

सोपा मार्ग म्हणजे शाळेचा पत्ताही सदस्य करा आणि त्याची डिलिव्हरी बंद ठेवा. पत्रं घरीच येतील, लिहिता दोन्हीकडून येईल. मात्र तो पत्ता नवा सदस्य म्हणून होल्डवर जाईल, तेव्हा त्यालाही 'डिफॉल्ट प्रोसेसिंग' लावायला विसरू नका.