रॅम ६६ टक्केच वापरात, तरी फायरफॉक्स दिवसातून चारदा बंद पडतो

तांबडमाती

घरचा डेस्कटॉप. विंडोज १०, ६४ बिट. रॅम ८ जीबी, त्यातली वापरण्याजोगी ७.४ दाखवतो, कारण ग्राफिक्स कार्ड वेगळं नाही, उरलेली प्रोसेसरमधलं ग्राफिक्स घेतं. एसएसडी १२० जीबीची, सी ड्राइव्हवर ९ जीबी मोकळी.

फायरफॉक्सवर पंधरा-वीस टॅब, एक ऑनलाइन स्प्रेडशीट आणि मुलांचा व्हिडिओ क्लास एवढं चालू असतं. तासाभरात आधी एखादा टॅब कोरा पडतो आणि तो क्रॅश झाल्याचा संदेश येतो. मग थोड्या वेळाने सगळा ब्राउझरच बंद होऊन क्रॅश रिपोर्टरची खिडकी उघडते. विंडोजच कोसळल्याचा निळा पडदा कधीच आलेला नाही.

दोनदा अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकला, कॅशे साफ केली, अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी केली. फरक शून्य. बंद पडण्याच्या क्षणी टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ६६ टक्के होती, म्हणजे रॅम संपलेली नाही. मग नेमकं काय बिघडलंय आणि ते कसं शोधायचं?

सह्यवारा

फायरफॉक्स काढून क्रोम टाका. आठ जीबीवर तोच बरा चालतो.

निळीशाई

ब्राउझर बदलण्याआधी क्रॅशचं कारण वाचा, ते तिथेच लिहिलेलं असतं. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत अबाउट, कोलन, क्रॅशेस असं मध्ये जागा न सोडता टाइप करा आणि एंटर दाबा. तारखेनुसार क्रॅशची यादी येईल. जे रिपोर्ट पाठवलेले नाहीत ते आधी पाठवा, मग उघडा. वरच 'सिग्नेचर' दिसेल, म्हणजे क्रॅश कुठे झाला ते सांगणारी ओळ. ढोबळमानाने तीन प्रकार निघतात.

सिग्नेचरची सुरुवात 'ओओएम' ('आउट ऑफ मेमरी') या तीन इंग्रजी अक्षरांनी होत असेल तर ब्राउझरने मेमरी मागितली आणि विंडोजने दिली नाही. सिग्नेचरमध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरच्या, म्हणजे ग्राफिक्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, फाइलचं नाव असेल (इंटेलच्या फाइलींची नावं बहुधा 'आयजी'ने सुरू होतात, एनव्हिडियाची 'एनव्ही'ने, एएमडीची 'एटीआय' किंवा 'एएमडी'ने) तर संशय ड्रायव्हरवर. आणि प्रत्येक क्रॅशची सिग्नेचर वेगळीच, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही असं दिसलं तर रॅमची पट्टी सदोष असू शकते. निदान पाच-सहा रिपोर्ट बघा, एकावरून काही ठरवू नका.

रिपोर्ट ओओएमचा असेल तर त्याच पानावर खाली 'अव्हेलेबल फिजिकल मेमरी' आणि 'अव्हेलेबल पेज फाइल' हे दोन आकडे शोधा (पेजफाइल म्हणजे रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल). पहिला मोठा आणि दुसरा अगदी लहान असेल तर तुमच्या ६६ टक्क्यांचं कोडं तिथेच सुटेल.

पुन्हा इन्स्टॉल करून फरक का पडला नाही तेही सांगतो. अनइन्स्टॉल केल्यावर प्रोग्रॅमच्या फाइली जातात, तुमची प्रोफाइल जात नाही. बुकमार्क, एक्स्टेन्शन, सेटिंग सगळं जागच्या जागी राहतं. म्हणजे दोष प्रोफाइलमध्ये असो, ड्रायव्हरमध्ये असो की विंडोजच्या मेमरी सेटिंगमध्ये, त्यातल्या एकालाही तुमचा हात लागलेला नाही.

दोनस्लॉट

सह्यवारा, क्रोमही याच विंडोजकडून मेमरी मागणार. तिथे टॅबवर उदास चेहरा येईल आणि खाली 'आउट ऑफ मेमरी'चा कोड. दुखणं तेच राहील.

तांबडमाती, टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र), 'परफॉर्मन्स' मध्ये 'मेमरी' निवडा. आलेखाच्या खाली 'कमिटेड' असं लिहिलेलं असतं आणि त्याखाली दोन आकडे. नेहमीचं काम चालू असताना ते कळवा.

तांबडमाती

सहा रिपोर्ट उघडले. पाचांची सिग्नेचर ओओएमने सुरू होते, एकात 'आयजी'ने सुरू होणारी फाइल आहे. ओओएमवाल्यांत फिजिकल मेमरी दोन जीबीच्या वर शिल्लक आणि पेज फाइल १०० एमबीच्याही खाली.

कमिटेड: ७.१/७.४. वापरातली मेमरी मात्र ४.९ जीबीच. एसएसडी झिजू नये म्हणून मध्यंतरी पेजफाइल बंद केली होती, त्याचा हा परिणाम का?

दोनस्लॉट

हो, तोच. हे नीट समजून घ्या, कारण आठ जीबीच्या बऱ्याच मशीनवर हीच चूक असते.

प्रोग्रॅम जेव्हा विंडोजकडे मेमरी मागतो तेव्हा विंडोज ती लगेच रॅममधून काढून देत नाही, फक्त 'एवढी तुझी' असा शब्द देते. प्रत्यक्ष रॅम खर्ची पडते ती प्रोग्रॅम त्या जागेत काही लिहितो तेव्हा. पण दिलेला शब्द पाळायचा म्हणून, रॅम आणि पेजफाइल यांच्या बेरजेपलीकडे विंडोज एका बाइटचाही शब्द देत नाही. एसटीच्या आरक्षणासारखं आहे. गाडीत डोळ्यांना पंधरा आसनं रिकामी दिसतात, पण ती पुढच्या थांब्यावरच्या लोकांनी आरक्षित केलेली असतात, म्हणून नव्या माणसाला तिकीट मिळत नाही. ४.९ म्हणजे बसलेले प्रवासी, ७.१ म्हणजे झालेलं आरक्षण, ७.४ म्हणजे एकूण आसनं. पेजफाइल ही डेपोत उभी असलेली जादा गाडी. ती बहुतेक वेळा निघतच नाही, पण ती आहे म्हणून आरक्षण चालू ठेवता येतं. तुम्ही ती गाडीच रद्द केलीत.

ब्राउझरच का पडतो? कारण मिनिटाला सर्वांत जास्त वेळा मेमरी मागणारा तोच. जवळजवळ प्रत्येक वेबसाइटसाठी वेगळी प्रोसेस (प्रोग्रॅमचा स्वतंत्र चालणारा भाग), प्रत्येकीचं वेगळं आरक्षण. त्यात प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा ड्रायव्हरही याच खात्यातून बरीच मेमरी आरक्षित करून ठेवतो. नकार आला की फायरफॉक्स आधी टॅबच्या प्रोसेसचा बळी देतो, मुख्य प्रोसेसलाच नकार आला की सगळंच बंद. तुम्हाला दिसणारा क्रम अगदी हाच आहे.

एसएसडी झिजण्याची भीती सोडून द्या. १२० जीबीच्या साध्या एसएसडीलाही साधारण ४० टेराबाइट लिखाणाची हमी असते. पेजफाइलने रोज ५ जीबी लिहिलं, आणि घरच्या वापरात एवढं सहसा होत नाही, तरी ८००० दिवस झाले, म्हणजे एकवीस वर्षांच्या वर.

आता दुरुस्ती. तुमच्या सी ड्राइव्हवर ९ जीबीच मोकळी आहे, म्हणून आधी जागा करा. स्टार्टमध्ये 'डिस्क क्लीनअप' शोधा, 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबा, विंडोज अपडेटच्या जुन्या फाइली काढा. यादीत 'डाउनलोड्स' दिसलं तर त्यावरची खूण मात्र काढून ठेवा, नाहीतर उतरवून घेतलेलं सगळं जाईल. हायबरनेट वापरत नसाल तर तेही बंद करता येतं. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' ने उघडून इंग्रजीत पॉवरसीएफजी, जागा, स्लॅश एच, जागा, ऑफ असं लिहा. विंडोज १० मध्ये हायबरनेटची फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के असते, म्हणजे तुम्हाला तीनेक जीबी मिळतील. मशीन सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील एवढंच.

मग स्टार्टमध्ये 'परफॉर्मन्स' टाइप केल्यावर 'ॲडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज' येईल. ते उघडून 'ॲडव्हान्स्ड', तिथे 'व्हर्च्युअल मेमरी' खाली 'चेंज'. सर्वांत वरच्या 'ऑटोमॅटिकली मॅनेज' वर खूण करणं हा सगळ्यांसाठी योग्य मार्ग. पण तुमच्या ड्राइव्हवर जागा तुटपुंजी आहे, म्हणून मी हाताने आकडे द्यायला सांगेन: खूण काढा, सी ड्राइव्ह निवडा, 'कस्टम साइज', 'इनिशियल' ४०९६, 'मॅक्सिमम' ८१९२. आकडे लिहिल्यावर 'सेट' चं बटण दाबलंच पाहिजे. थेट 'ओके' केलंत तर आकडे लागू होत नाहीत, आणि बरेच जण नेमके इथेच फसतात. शेवटी 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं म्हणजे तेच नव्हे, 'फास्ट स्टार्टअप' चालू असताना शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो.

पुन्हा कमिटेड बघा. उजवीकडचा आकडा ११.४ च्या आसपास यायला हवा.

सह्यवारा

पेजफाइलचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मग टॅब कमी ठेवणं, एक्स्टेन्शन काढणं याला काही अर्थच नाही का?

निळीशाई

आहे ना. आसनं वाढवली तरी आरक्षण उगाच अडवून ठेवू नये. अबाउट कोलन प्रोसेसेस हे पान उघडा. टॅब आणि एक्स्टेन्शन किती मेमरी खातायत ते तिथे दिसतं. दोन जाहिरातरोधक एकत्र ठेवले असतील तर एक काढा, दोन्ही प्रत्येक पानावर तेच काम करत बसतात. मेमरी कमी पडली की बरेच दिवस न बघितलेले टॅब फायरफॉक्स स्वतः उतरवतो, विंडोजवर ही सोय ९३व्या आवृत्तीपासून आहे. हाताने उतरवायचे तर अबाउट कोलन अनलोड्स.

'हेल्प' मधल्या 'अबाउट फायरफॉक्स' मध्ये ६४ बिट लिहिलंय ना, तेही बघून घ्या. विंडोज ६४ बिट असली तरी जुन्या इन्स्टॉलरने ३२ बिट ब्राउझर बसलेला असू शकतो, आणि ३२ बिटच्या एका प्रोसेसला ४ जीबीपलीकडचा पत्ताच दिसत नाही. मग रॅम कितीही टाका.

मराठी टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर बसवलं असेल तर अबाउट कोलन थर्ड-पार्टी हे पानही पाहा. अशी जुनी सॉफ्टवेअर आणि काही अँटिव्हायरस आपल्या फाइली ब्राउझरच्या प्रोसेसमध्ये घुसवतात. त्या तिथे दिसतात आणि तिथूनच अडवताही येतात. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, इनस्क्रिप्ट तर आधीपासूनच. घरच्या कामाला तेवढं पुरतं.

तांबडमाती

दोन दिवसांनी कळवतोय. कमिटेडची मर्यादा आता ११.४. क्लास आणि स्प्रेडशीट एकत्र चालू असताना ७.९ पर्यंत जातं, वापरातली मेमरी ७० टक्क्यांच्या खालीच. ओओएमचा एकही क्रॅश नाही. ब्राउझर ६४ बिटच आहे.

'आयजी' फाइलवाला क्रॅश मात्र पुन्हा दोनदा आला, दोन्ही वेळा व्हिडिओ पूर्ण पडद्यावर नेताना. रॅमची पट्टी तपासू का? टास्क मॅनेजर 'स्लॉट्स युज्ड' २ पैकी १ दाखवतो.

दोनस्लॉट

सिग्नेचर तिन्ही वेळा तीच असेल तर पट्टीचा दोष वाटत नाही. खराब पट्टी एकाच जागी चावत नाही. शंका फेडायचीच असेल तर मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून मशीन बूट करा आणि रात्रभर चालू द्या. एकसुद्धा एरर आली तर मशीनची वायर काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, पट्टी काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबरने पुसा आणि पुन्हा तपासा. तरीही एरर आली तर पट्टी बदलायची. दुसरा स्लॉट भरायचा विचार असेल तर डीडीआर३ की डीडीआर४ ते बघून त्याच पिढीची डेस्कटॉपची पट्टी घ्या, लॅपटॉपची आखूड असते, ती इथे बसत नाही.

तुमचं राहिलेलं दुखणं ग्राफिक्स ड्रायव्हरचं दिसतं. खात्री अशी करा: फायरफॉक्सच्या 'सेटिंग्ज' मध्ये 'जनरल', खाली 'परफॉर्मन्स'. 'युज रेकमेंडेड परफॉर्मन्स सेटिंग्ज' वरची खूण काढली की खाली हार्डवेअर ॲक्सिलरेशनची (चित्र-व्हिडिओचं काम ग्राफिक्सकडे सोपवण्याची) ओळ दिसेल, तीही खूण काढा. ब्राउझर बंद करून उघडा आणि तोच व्हिडिओ दहा-बारा वेळा पूर्ण पडद्यावर नेऊन आणा. क्रॅश थांबला तर दोष नक्की झाला.

मग ड्रायव्हर मशीन बनवणाऱ्याच्या किंवा इंटेलच्या साइटवरूनच घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी सॉफ्टवेअर चुकीची आवृत्ती टाकतात आणि सोबत नको ते बसवतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. नवा ड्रायव्हर टाकल्यावर रीस्टार्ट करा आणि काढलेल्या दोन्ही खुणा परत लावा, नाहीतर व्हिडिओचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडून क्लासचं चित्र अडकत राहील.