अनुभव धागा : मोठ्या माणसांच्या डायपरवरची प्लास्टिकची चड्डी निवडताना

वडिलांना पक्षाघात होऊन दोन वर्षे झाली. डायपर कोणता घ्यावा हे सांगणारे पुष्कळ भेटले, पण त्यावर घालायच्या जलरोधक चड्डीविषयी सोलापुरात विचारायचे कोणाला, हेच आम्हाला कळत नव्हते. औषधाच्या दुकानात चार गिऱ्हाइके उभी असताना हा विषय काढायला जीभ रेटत नाही, आणि काढलाच तर बहुधा डायपरचेच दुसरे पाकीट पुढे येते. म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांनी घरातल्या माणसासाठी ही चड्डी वापरली आहे किंवा जे स्वतः वापरतात, त्यांनी मोकळेपणाने लिहावे. नाव लिहिण्याची गरज नाही. नाते आणि राहण्याचा भाग लिहिला तरी पुरे.

माझ्यापासून सुरुवात करतो. चड्डी घातली की गळतीची काळजी मिटली, अशी आमची समजूत होती. ती चड्डी काहीही शोषत नाही. डायपरमधून जे बाहेर येते ते ती फक्त अडवते, आणि डायपर वेळेवर बदलला नाही तर तोच ओलावा कातडीशी धरून ठेवते. त्यामुळे रोज गळती होत असेल तर आधी डायपरचे माप आणि त्याची शोषण्याची क्षमता तपासावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

दुसरी चूक मापाची. बाबांची कंबर ३४ इंच, म्हणून तेवढ्याच मापाची चड्डी मागवली. पुढे कळले की माप डायपर बांधून झाल्यावर घ्यायचे असते आणि कंबरेपेक्षा नितंब व मांडीचे माप महत्त्वाचे असते. बाबांना कुशीवर वळवून टेप फिरवली, तेव्हा नितंबांवर ४१ इंच भरले. तोवर त्या पहिल्या चड्डीने उजव्या मांडीवर वळ उमटवला होता, आणि तो सकाळी दहा वाजले तरी गेला नव्हता. ती बाजू पक्षाघाताची असल्याने बाबांना काही टोचते आहे हे कळलेही नव्हते. ज्या अंगाला संवेदना नाही, तिथे आपल्यालाच पाहावे लागते. इलास्टिकखालून दोन बोटे सहज सरकतात का, हे मी आता दर वेळी तपासतो.

सून, जुळे सोलापूर

माझ्या सासूबाई पूर्णपणे अंथरुणावर आहेत. आम्ही प्रथम नेहमीच्या चड्डीसारखी, पायातून वर ओढायची चड्डी घेतली, आणि ती बदलताना त्यांना व मला दोघींनाही रडू आले. दोन्ही पाय उचलायचे, कंबर उचलायची, आणि चड्डी भरलेली असेल तर ती पायांवरूनच खाली काढायची, म्हणजे सगळे अंग पुन्हा पुसायचे. नंतर दोन्ही बाजूंनी टिचबटणांनी उघडणारी चड्डी मिळाली. ती पलंगावर सपाट पसरता येते. सासूबाईंना एका कुशीवर वळवायचे, चड्डी आणि डायपर अर्धे गुंडाळून पाठीखाली सरकवायचे, मग दुसऱ्या कुशीवर वळवून उरलेला भाग ओढून घ्यायचा. एकटीला हे जमते. वेलक्रोची चड्डीही वापरून पाहिली, पण तिच्यात पांघरुणाचे धागे अडकू लागले आणि काही महिन्यांत तिची पकड गेली, म्हणून टिचबटणेच बरी. फक्त ती बटणे कुशीवर झोपल्यावर हाडाखाली येत नाहीत ना, हे जरूर पाहावे.

यंत्रमाग कामगाराचा मुलगा, अशोक चौक

आमच्या घरी आजीसाठी कापडी डायपर वापरतो, कारण विकतचे रोज परवडत नाहीत, आणि टॉवेल तर आमच्या गावचेच आहेत. सोलापुरी टेरी टॉवेलवर दोऱ्याचे जे उभे फासे असतात, ते पाणी चांगले धरतात. मात्र नवा टॉवेल तीन-चार वेळा धुतल्याशिवाय नीट शोषत नाही. कापडी डायपरला बाहेरून जलरोधक चड्डी लागतेच, त्यामुळे या विषयात आम्ही बरेच हात पोळून घेतले आहेत.

खर्च वाचावा म्हणून वडिलांनी ओळखीच्या शिंप्याकडून मेणकापडाची चड्डी शिवून घेतली होती. शिवण दुहेरी होती, काम सुबक होते, तरी अंथरूण ओले व्हायचे. शेवटी मी ती नळाखाली धरून तांब्याभर पाणी भरले आणि वर उचलली. शिवणीच्या रेषेवर सुईच्या एकेका छिद्रातून एकेक थेंब उभा राहिला, जणू कोणी मणी ओवावेत. तेव्हा कारण कळले. तयार प्लास्टिकच्या चड्डीचे सांधे सहसा उष्णतेने चिकटवलेले असतात, म्हणून तिथून पाणी येत नाही. शिवलेली चड्डी घ्यायची असेल तर डायपर भिजतो त्या खालच्या भागात शिवण नाही ना, हे पाहून घ्यावे.

आणखी एक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. मांडीच्या नेफ्याला आतून सुती पट्टी लावलेली असेल, तर डायपरची ओली कड तिला टेकताच ती पट्टी वातीसारखी ओल ओढते आणि लुगड्यापर्यंत पोहोचवते. पट्टी आतल्या बाजूनेही जलरोधक असावी, आणि चड्डी घातल्यावर मांडीभोवती बोट फिरवून टॉवेलची प्रत्येक कड आत सारावी. आमची निम्मी गळती एवढ्यानेच थांबली.

कापडाविषयी सांगायचे तर, पीव्हीसीची चड्डी स्वस्त असते आणि पाणी पक्के अडवते, पण ती वाजते, उकडते आणि कालांतराने कडक होते. पॉलिस्टरच्या कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर चढवलेली, म्हणजे पीयूएलची चड्डी मऊ असते, आवाज करत नाही आणि धुण्यालाही टिकते. तिची किंमत जास्त असते. आजीला दिवसा पीयूएल आणि रात्री पीव्हीसी, असे आमचे ठरले आहे.

निवृत्त शिक्षक, विजापूर रोड

मी स्वतः वापरतो. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवीवर ताबा राहिला नाही. असे अनेकांना होते आणि पुष्कळांचे काही महिन्यांत सुधारते, हे डॉक्टरांनी सांगितले होते, तरीही मी घराबाहेर पडणे सोडून दिले होते. देवळात नाही, लग्नाला नाही, पुण्याला मुलीकडे तर नाहीच. अखेर एकदा सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरायचे ठरवले, आणि त्या चार तासांच्या प्रवासासाठी डायपरवर पीयूएलची पातळ चड्डी घातली. आदल्या दिवशी घरात ती घालून, वर पँट चढवून, खुर्चीवर दोन तास बसून पाहिले. चाललो, वाकलो, पायऱ्या चढलो. आवाज येत नाही आणि कंबरेपाशी कड वर दिसत नाही, याची खात्री झाल्यावरच निघालो. खिडकीजवळ बसून मी कुर्डुवाडीपर्यंत फक्त मांडीकडेच लक्ष देत होतो. त्यापुढे वर्तमानपत्र उघडले.

चालत्याफिरत्या माणसाने वर ओढायची चड्डीच घ्यावी, कारण शौचालयात उभ्यानेच ती खाली-वर करता येते. माझी एक कळकळीची विनंती आहे. थोडेच थेंब गळत असतील तर एवढा जामानिमा करू नये. साधे पॅड पुरते. आणि डॉक्टरांकडून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्यावेत. मला त्यांचा खरोखर उपयोग झाला.

परिचारिका, होटगी रोड

वरील सर्वांनी चांगले लिहिले आहे. मी केवळ कातडीविषयी लिहिते. आजकालच्या बऱ्याच डायपरचे बाहेरचे अस्तर थोडी हवा जाऊ देणारे असते. त्यावर प्लास्टिक चढवले की ती सोय संपते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा चोवीस तास चड्डी घालून ठेवणे मला मुळीच मान्य नाही. रात्री, प्रवासात किंवा दवाखान्यात जाताना घालावी आणि एरवी पलंगावर जलरोधक चादर अंथरून अंग मोकळे ठेवावे. बदलताना जागा हलक्या हाताने टिपून कोरडी करावी, चोळू नये. झिंक ऑक्साइडचे मलम अगदी पातळ लावावे. जाड थर दिल्यास डायपर शोषत नाही. जांघेत लाल पट्टा दिसून त्याच्या कडेला बारीक पुळ्या आल्या असतील, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे. माकडहाडावरची कातडी मात्र रोज पाहावी.

आई, शेळगी

माझा मुलगा २४ वर्षांचा आहे आणि त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नाही. लहानपणीच्या मापाच्या चड्ड्या सगळीकडे मिळत होत्या. तो सोळा-सतरा वर्षांचा झाला आणि माप मिळेनासे झाले, कारण त्याची कंबर मोठ्या माणसाची आणि मांड्या बारा वर्षांच्या मुलासारख्या बारीक आहेत. त्यामुळे मी केवळ ‘मध्यम’ किंवा ‘मोठा’ एवढेच लिहिलेली चड्डी घेत नाही. मांडीचे माप दिलेले असेल तरच घेते, आणि तरी सैल झाली तर नेफा उसवून त्याच्या मापाचे इलास्टिक घालते.

आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते, म्हणून दोन चड्ड्यांवर भागत नाही. माझ्याकडे पाच आहेत. वापरलेली चड्डी लगेच थोड्या साध्या पाण्याने खळबळून ठेवते आणि नळ आला की साबणाने धुते. ब्लीच आणि कपडे मऊ करणारे द्रावण वापरत नाही. पूर्वी गच्चीवर उन्हात वाळत घालायचे, तर एका मे महिन्यातच पीव्हीसीची चड्डी घडीवर तडकली. आता जिन्यातल्या सावलीत दोरीवर घालते. विकतचे डायपर वापरतो त्या दिवशी ते वर्तमानपत्रात नीट गुंडाळून इतर कचऱ्यापासून वेगळे देते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही गुंडाळूनच देण्यास सांगितले होते, आणि घंटागाडीवरच्या माणसाने उघडा डायपर हाताळावा, हे मला स्वतःलाही बघवत नाही.

त्याला बोलता येत नाही, पण नको असलेली चड्डी दिसली की तो पाय आवळून घेतो. निळी, मऊ अस्तराची त्याला आवडते. तिचे मागचे लेबल मी कात्रीने काढून टाकले आहे. ते त्याच्या पाठीला टोचत असे.