इंदूरचे पाहुणे, सोमवार-मंगळवार

नेहा: नमस्कार. सायलीच्या सासरची पाच माणसं रविवारी रात्री इंदूरहून येतायत. उतरणार आमच्याकडे गिरगावात, बुधवारी सकाळी परत. मधले दोन दिवस कोण मोकळं आहे ते आजच सांगा. दिवाळीत सगळ्यांनी ‘येतो’ म्हटलं होतं आणि चौपाटीवर सहा जणांच्या भेळेच्या डिश सांभाळत मी एकटीच उभी होते.

मंजूआत्या: तेव्हा माझा गुडघा सुजला होता, नेहा.

नेहा: आत्या, तुम्हाला नाही म्हटलं.

अण्णाकाका: मी आखून देतो. सोमवारी सकाळी नऊला गेटवे, तिथून लाँचने घारापुरी. संध्याकाळी व्हीटी, मरीन ड्राइव्ह. मंगळवारी सिद्धिविनायक, दादरला मिसळ, राणीची बाग.

विनू: घारापुरी सोमवारी बंद असते.

मंजूआत्या: छान आखलंस अण्णा. पण विहीणबाईंना पायऱ्या झेपतील?

अण्णाकाका: १२० पायऱ्या. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, वर न्यायला डोलीवाले असतात. ती त्रिमूर्ती जवळपास वीस फुटी आहे. फोटोत काही कळत नाही, समोर उभं राहावं लागतं.

सुधाकाकू: मिसळ खायची तर ठाण्याला मामलेदारची.

नेहा: काकू, गिरगावातून मिसळीसाठी ठाण्याला? आणि ती डोळ्यांतून पाणी काढते.

सुधाकाकू: ठाण्याचं कधी कुणाला पटलंय. असो.

सायली: वहिनी, बाबांना तिखट चालतं, आईंना नाही. फक्त पोहे नको हं, ते रोजचेच.

विनू: आणि जिलेबी तर मुळीच नको, इंदूरची माणसं मार्क देतील. सोमवारी घारापुरी बंद असते.

संदीप: एवढी धावपळ कशाला? एसी मॉलमध्ये नेऊ, तिथेच जेवू.

नेहा: संदीप, तू घरात बसून ग्रुपवर लिहितोयस आणि मी स्वयंपाकघरात आहे. मॉल इंदूरलाही आहेत. मला त्यांना खोताची वाडी दाखवायची आहे, ते लाकडी सज्जे, अरुंद गल्ल्या. धोबीतलावला कयानीत ब्रून-मस्का आणि चहा, १९०४ पासूनचं दुकान आहे ते. दादरला ‘प्रकाश’चा साबुदाणा वडा आणि पियुष, विहीणबाईंनाही चालेल. दिवाळीतले पाहुणे जाताना म्हणाले, मुंबईत गर्दीशिवाय आहे काय? मला ते फार लागलं. माझा जन्म या शहरातला आहे.

सायली: आमच्याकडे कुणी असं म्हणणार नाही, वहिनी.

मंजूआत्या: अगं तुझ्याबद्दल नाही. जरा जपून लिहा सगळ्यांनी.

सुधाकाकू: जपूनच लिहितोय. दिवाळीत आम्हाला वेळच कळवली नव्हती.

नेहा: कळवली होती काकू, वर जाऊन बघा.

विनू: घारापुरी. सोमवारी. बंद.

अण्णाकाका: मग आधी सांगायचं ना!

विनू: बाबा, तिसऱ्यांदा सांगतोय.

अण्णाकाका: ठीक. सोमवारी कान्हेरी करू.

विनू: नॅशनल पार्कही सोमवारी बंद.

नेहा: दिवसच बदलू या. मंगळवारी सिद्धिविनायकाला रांग केवढी असते! पाच पाहुण्यांना घेऊन तिथे तासन्‌तास उभं राहायचं? ते सोमवारी सकाळी, मग दादरला खाणं, मग राणीची बाग. बुधवारी बाग बंद, सोमवारी उघडी असते.

अण्णाकाका: हे उत्तम. भायखळ्याला म्युझियमच्या आवारात दगडी हत्ती आहे, तो दाखवा. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रज विलायतेला न्यायला निघाले तेव्हा तो फुटला, मग सांधून इथे उभा केला. सोमवारी हत्ती, मंगळवारी त्याचं बेट. मी सांगेन सगळं.

संदीप: काका येणार असतील तर मीही मंगळवारी रजा टाकतो.

नेहा: आज टाक.

सुधाकाकू: मामलेदारची तर्री डब्यात घालून आणते. विहीणबाईंना दही देऊ वरून.

नेहा: आणा काकू, पाव मी आणून ठेवते. मंगळवारी साडेआठला गेटवे. नुसतं ‘येतो’ नको, कोण कसं येणार ते लिहा.

विनू: ठाण्याहून सातच्या आतली फास्ट. आई, बाबा, मी. चुकली तर मी फोन करतो.

मंजूआत्या: मी सोमवारीच डोंबिवलीहून राहायला येते. गुडघा बरा आहे आता. सकाळच्या पोळ्या मी करेन.