वाड्यात सापडलेले बारा बोअरचे आखूड पिस्तूल : कायद्याने काय करावे?

चुलबंदकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमचे गाव भंडारा जिल्ह्यात लाखनीच्या पुढे आहे. पणजोबांच्या काळी घराण्याकडे मालगुजारी होती. १९५० च्या कायद्याने ती संपली, पण वाडा राहिला. यंदा माडीवरचे कवेलू उतरवून पत्रे टाकण्याचे काम काढले, तेव्हा आड्याखालच्या एका लोखंडी पेटीत दोन नळ्यांचे, अतिशय जड असे पिस्तूल निघाले. नळ्या वीतभर लांब आहेत, त्यांचे तोंड बारा बोअरच्या काडतुसाएवढे दिसते आणि आतून त्या गुळगुळीत आहेत. मधोमध बिजागरी असून पिस्तूल दुनळी बंदुकीसारखे मोडून उघडते. एका घोड्याची स्प्रिंग तुटलेली आहे. सोबत काडतुसे नव्हती.

आजोबांचा शस्त्रपरवाना आम्ही जपून ठेवला आहे, परंतु त्यात केवळ एका दुनळी बंदुकीची नोंद आहे. ती बंदूक त्यांच्या निधनानंतर परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करून विकली गेली आणि तिची पावती घरात आहे. या पिस्तुलाचा उल्लेख कोणत्याही कागदावर सापडत नाही.

धाकट्या भावाचे म्हणणे असे की, रोही (नीलगाय) आणि रानडुकरे दरवर्षी तूर व धान उद्ध्वस्त करतात, रात्री जागलीला जाताना टॉर्च आणि काठीशिवाय हातात काही नसते, तेव्हा याच पिस्तुलाचा परवाना काढावा. गावातील एक कारागीर स्प्रिंग बसवून देण्यास तयार आहे. आमचा एक भाचा अमेरिकेत असतो. त्याने बंदुकीची छर्र्याची काडतुसे झाडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची छायाचित्रे पाठवली असून तिकडे ती दुकानात मिळतात असे तो सांगतो. मला मात्र ही वस्तू घरात ठेवण्याचीच भीती वाटते. आपल्याकडे अशा शस्त्राचा परवाना मिळू शकतो का, आणि मिळत नसेल तर यापुढे आम्ही नेमके काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना शिरस्तेदार

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्रपरवाना शाखेत माझी बरीच नोकरी गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपल्या वर्णनावरून हे हौदा पिस्तूल असावे. एकोणिसाव्या शतकात हत्तीवरून वाघाची शिकार करणारे साहेब आणि संस्थानिक अशी मोठ्या तोंडाची पिस्तुले जवळ बाळगत, कारण जखमी वाघ हत्तीच्या अंगावर चढू लागला तर लांब बंदूक वळवायला वेळ मिळत नसे. शिकारीसाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या भागातील जुन्या घरांत असे शस्त्र निघणे नवलाचे नाही.

आता कायद्याकडे येऊ. शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम १३ पाहावे. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक हवी असेल, तर तिची नळी किमान २० इंच असली पाहिजे, असे तेथे स्पष्ट लिहिलेले आहे. पीकसंरक्षणासाठी त्याच कलमात ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. परिस्थिती पाहता ठासणीची बंदूक पुरेशी नाही, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर तो दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देऊ शकतो, पण तिलाही २० इंचांची अट लागू राहते. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत २० इंचांपेक्षा आखूड गुळगुळीत नळीच्या बंदुका वरच्या, निर्बंधित वर्गात टाकलेल्या आहेत. त्या वर्गाचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत. तो विषय केंद्रीय गृहमंत्रालयाचा आहे आणि शेतात डुकरे येतात या कारणासाठी तेथून परवाना निघाल्याचे मी माझ्या नोकरीत कधी पाहिले नाही.

एक वाद येथे निघू शकतो आणि तो मी लपवत नाही. पिस्तुले व रिव्हॉल्व्हर यांचा वर्ग अनुसूचीत वेगळा आहे, त्यामुळे हे शस्त्र पिस्तूल समजावे की आखूड बंदूक, असा प्रश्न कोणी उभा करील. त्याचे उत्तर नळीची तपासणी करून शस्त्रतज्ज्ञ आणि परवाना अधिकारी देतील. आपण घरी बसून ते ठरवू नये. शिवाय ते पिस्तूल ठरले, तरी ज्या शस्त्राचा मूळ परवानाच नाही, त्याचा वारसाहक्काने परवाना मागता येत नाही.

वर्धा ते सॅक्रामेंटो

भाच्याने पाठवलेली माहिती खरी आहे, परंतु अर्धी आहे. मी कॅलिफोर्नियात राहतो, म्हणून लिहितो. छायाचित्रातील रिव्हॉल्व्हर बहुधा टॉरस या ब्राझिली कंपनीचे ‘जज’ असावे. ते २००६ च्या सुमारास बाजारात आले आणि ४५ कोल्ट गोळी व ४१० बोअरचे छर्र्याचे काडतूस अशी दोन्ही झाडते. अमेरिकेत १९३४ पासून एक संघीय कायदा आहे, त्यानुसार १८ इंचांपेक्षा आखूड नळीच्या छर्र्याच्या बंदुकीची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. हातात धरून झाडायच्या गुळगुळीत नळीच्या शस्त्रालाही तोच कायदा निराळ्या नावाखाली पकडतो. ‘जज’ त्यातून सुटते, कारण त्याच्या नळीत आटे, म्हणजे आतून वळणदार खाचा, पाडलेले आहेत, आणि आटे असल्यामुळे संघीय कायद्याच्या दृष्टीने ते साधे रिव्हॉल्व्हर ठरते. दुसरी मर्यादा तोंडाच्या व्यासाची आहे. अर्ध्या इंचाहून मोठ्या व्यासाचे शस्त्र थेट विध्वंसक साधनांच्या वर्गात जाते आणि शिकारीस किंवा खेळास योग्य अशा छर्र्याच्या बंदुकांनाच त्यातून सूट मिळते. ४१० बोअर म्हणजे साधारण १०.४ मिलिमीटर, तर बारा बोअर म्हणजे साधारण १८.५ मिलिमीटर. यावरून आपल्या पेटीतील वस्तू कोणत्या मापाची आहे, हे लक्षात येईल.

आमच्या कॅलिफोर्नियात तर ‘जज’ देखील सामान्य माणसाला ठेवता येत नाही. छर्र्याचे काडतूस झाडण्यासाठी बनवलेले आणि १८ इंचांपेक्षा आखूड नळीचे शस्त्र म्हणजे आखूड केलेली बंदूकच, असे येथील राज्याचा कायदा मानतो. तिकडच्या दुकानाचा दाखला लाखनीत उपयोगी पडणार नाही, एवढे भाच्याला अवश्य कळवावे.

पवनीकर

माझ्या माहितीप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीच्या शस्त्राला परवाना लागत नाही. पुरातन वस्तू म्हणून दिवाणखान्यात लावून ठेवावे.

तालुका कोर्ट

वरील सल्ला मानू नये. मी फौजदारी वकिली करतो आणि याच समजुतीपायी लोक अडचणीत आलेले पाहिले आहेत. कलम ४५ मध्ये जुन्या बनावटीच्या, पुरातन मूल्य असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे खरी, परंतु ते शस्त्र दुरुस्ती करूनही वापरता येणार नाही, अशी त्या सुटीची अट आहे. केवळ वय मोजून ही सूट मिळत नाही. एक स्प्रिंग बसवली की ते चालेल, असे आपणच प्रश्नात लिहिले आहे, म्हणजे सूट आपल्याच वाक्याने संपली. दुसरा घोडा शाबूत असेल तर स्प्रिंगचीही गरज नाही.

कारागिराचा विषय अधिक गंभीर आहे. परवान्याशिवाय शस्त्र तयार करणे, विकणे, बदलणे यांच्याच पंक्तीत कलम ५ ने दुरुस्तीही बसवलेली आहे, आणि अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या बदलानंतर त्या अपराधाची शिक्षा किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. बंदुकीची नळी कापून आखूड करणे कलम ६ खाली येते आणि शिक्षा तीच आहे. विनापरवाना अग्निशस्त्र नुसते ताब्यात ठेवण्यास २ ते ५ वर्षे कैद व दंड आहे. आपल्या भावाला हे आकडे कृपया मोठ्याने वाचून दाखवावेत, कारण ज्या कारागिराने चांगुलपणाने स्प्रिंग बसवली, त्याचेही घर त्यात उद्ध्वस्त होईल.

ताब्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल प्रकरणात सांगितले आहे. आड्याखाली पेटी आहे आणि तिच्यात काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते, तोवर आपली बाजू भक्कम होती. पेटी उघडून वस्तू ओळखल्यानंतर मात्र ती बाजू दर दिवसागणिक कमकुवत होत जाते. कलम ३ खालील, म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगल्याच्या, खटल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. म्हणून स्वतःहून आणि लवकर कळवणाऱ्याचा अर्ज त्यांच्या टेबलावर आधीच पोहोचलेला असणे फार महत्त्वाचे ठरते.

नवेगाव शिवार

मी शेतकरी आहे आणि पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना माझ्याकडे आहे, म्हणून भावासाठी लिहितो. माझ्या परवान्यावर बंदूक कोणत्या क्षेत्रात न्यायची हे लिहिलेले आहे. त्याबाहेर ती नेता येत नाही. ऐन तुरीच्या दिवसांत निवडणुकीची आचारसंहिता लागली, तर बंदूक ठाण्यात जमा करण्याचा आदेश येतो आणि तो महिना पुन्हा डबे वाजवून काढावा लागतो.

परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारण्याची मुभा मिळाली, हा समज तर अजिबात करून घेऊ नये. रानडुक्कर आणि रोही दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका आहे म्हणून मारायचे असेल, तर कलम ११ खाली अधिकृत वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. बंदुकीचा परवाना हा कागद निराळा आणि ही परवानगी निराळी. मी बार काढतो तो कळप पांगवण्यासाठी.

आणि अनुभवाने सांगतो, वीतभर नळीतून निघालेले छर्रे फार लवकर फाकतात. रानडुकराच्या खांद्याचे कातडे ढालीसारखे जाड असते. असे छर्रे त्याला थांबवणार नाहीत, केवळ चिडवतील, आणि जखमी डुक्कर अंधारात बांधावरून अंगावर आले म्हणजे काय होते, ते आमच्या शिवाराने पाहिले आहे. रात्री जागलीला एकट्या माणसाने जाऊ नये. दोघे-तिघे मिळून माळ्यावर बसावे. नुकसान झाले की फोटो काढून वन विभागाकडे भरपाईचा अर्ज वेळेत करावा. पैसा कमी मिळतो आणि उशिरा मिळतो, हे मान्य आहे. तरी अर्जच केला नाही, तर आपल्या शिवारात नुकसान होते हे कोठेच नोंदले जात नाही.

चुलबंदकाठ

सर्वांचे मनापासून आभार. भावाला सर्व उत्तरे वाचून दाखवली आणि परवान्याचा विचार त्याने सोडला आहे. आता एवढेच विचारतो : वस्तू मीच पिशवीत घालून ठाण्यात नेऊन द्यावी का?

तालुका कोर्ट

नेऊ नये. वाटेत नाकाबंदीत पिशवी उघडली गेली, तर आपण जमा करायलाच निघालो होतो, हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येईल. पेटी होती त्या खोलीला कुलूप लावावे, पिस्तुलाला कोणी पुन्हा हात लावू नये, पुसू नये, तेल घालू नये. त्याची छायाचित्रे कोणत्याही गटात टाकू नयेत, आणि भाच्याला पाठवली असतील तर ती पुढे न पाठवण्यास सांगावे. उद्याच स्थानिक वकिलाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करवून घ्यावा. घराचे काम कोणत्या दिवशी काढले, पेटी कोणाच्या समक्ष उघडली, कवेलू उतरवणारे मजूर कोण होते, आजोबांच्या परवान्याची प्रत आणि दुनळी विकल्याची पावती हे सर्व त्याला जोडावे. अर्जाची एक प्रत पोलीस अधीक्षकांना आणि एक प्रत ठाण्याला द्यावी आणि दोन्हींवर पोच घ्यावी. पंचनामा वाड्यातच करून वस्तू ताब्यात घ्यावी, अशी विनंती अर्जातच लिहावी.

जुना शिरस्तेदार

एक भर घालतो. शस्त्र ऐतिहासिक मूल्याचे वाटत असल्याने ते नष्ट करण्यापूर्वी संग्रहालयाकडे देण्याचा विचार व्हावा, अशी एक ओळ त्याच अर्जात अवश्य घाला. ती मान्य होईलच असे नाही, पण अर्जात मागितलेच नाही तर पुढे कोणी विचारणार नाही. जमा केल्याच्या पावतीवर नळ्यांची लांबी, तोंडाचे माप आणि असल्यास कारखान्याचा शिक्का व क्रमांक लिहून घ्या, आणि ती पावती दुनळीच्या पावतीसोबतच ठेवा.