काउंटर-स्ट्राइकचा गो (ग्लोबल ऑफेन्सिव्ह) काढून त्याच जागी सीएस २ (काउंटर-स्ट्राइक २) बसवला, हे योग्य झालं का?

नेड_स्टॅक (धागाकर्ता)

काल इथेच एकाने छातीठोकपणे लिहिलं: "सीएस २ हा गोचाच अपडेट आहे. व्हॉल्व्ह १९९९ पासून असंच करत आलंय. गोच्या नावाने गळे काढणाऱ्यांनी आधी इतिहास वाचावा." ठीक आहे, इतिहासच वाचू.

जून १९९९ मध्ये मिन्ह ले आणि जेस क्लिफ यांनी व्हॉल्व्ह कंपनीच्या हाफ-लाइफ गेमचा मॉड (चाहत्यांनी केलेला बदल) म्हणून काउंटर-स्ट्राइकचा पहिला बीटा (चाचणी आवृत्ती) काढला. त्यात फक्त ओलीस सोडवायचे मॅप होते. बॉम्ब आला चौथ्या बीटात, त्याच वर्षाच्या अखेरीस, आणि सोबत डेव्ह जॉन्स्टनचा डस्ट हा मॅप. व्हॉल्व्हने हक्क घेतले आणि नोव्हेंबर २००० मध्ये १.० दुकानात आला. पुढे सप्टेंबर २००३ ला १.६, मार्च २००४ ला कंडिशन झीरो, नोव्हेंबर २००४ ला सोर्स, २१ ऑगस्ट २०१२ ला गो. व्हॉल्व्हच्या स्टीम या ऑनलाइन दुकानातले प्रत्येक गेमचे ॲप क्रमांक बघा: १.६ चा १०, कंडिशन झीरोचा ८०, सोर्सचा २४०, गोचा ७३०. नवा आला म्हणून जुना कुणाच्या लायब्ररीतून गेला नाही.

२७ सप्टेंबर २०२३ ला पहिल्यांदा असं झालं की त्याच ७३० मध्ये वेगळ्या इंजिनावरचा गेम भरला. गोची सगळी रिव्ह्यूजही नव्या गेमच्या नावावर चढली. आणि नवा गेम पूर्ण होता का? गोमधले खेळप्रकार बघा: आर्म्स रेस नाही, डेंजर झोन नाही, डेमोलिशन नाही. बंदूक डाव्या हातात धरायची साधी सोय नाही, ती एप्रिल २०२४ ला परत आली.

ज्यांना गोच हवा होता त्यांच्यासाठी रस्ता असा: लायब्ररीत सीएस २ वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, बीटाज, यादीतून "सीएसगो_लेगसी" निवडा, डाउनलोड होऊ द्या. त्यात मॅचमेकिंग (सामन्यासाठी खेळाडू आपोआप जुळवून देणं) नाही. बॉट, लॅन आणि तग धरून राहिलेले कम्युनिटी सर्व्हर, एवढंच. त्याचाही सपोर्ट १ जानेवारी २०२४ ला संपला. याला अपडेट म्हणायचं?

लाँग_ए

इतिहास सांगितलात, पण सोयीचा तेवढा. १.५ कुठे गेला तुमच्या यादीत? त्याला कुठला ॲप क्रमांक आहे? १.५ वॉन या स्टीमआधीच्या ऑनलाइन सेवेवर चालायचा. १.६ स्टीमसोबत आला तेव्हा लोकांनी तो नाकारलाच होता. स्टीम मेमरी खायचं, सतत अडकायचं, वर ती ढाल. लोक वर्षभर १.५ ला चिकटून बसले. मग जुलै २००४ ला व्हॉल्व्हने वॉनच बंद केलं. पर्याय संपला, सगळे १.६ वर आले, आणि आज त्याच १.६ ला सुवर्णकाळ म्हणतात.

सोर्सच्या वेळी उलटं केलं. १.६ चालू ठेवला, सोर्सही आणला. परिणाम काय? २००४ ते २०१२ खेळाची दोन शकलं. ईएसडब्ल्यूसी, डब्ल्यूसीजी या जागतिक स्पर्धांना १.६. चॅम्पियनशिप गेमिंग सिरीज सोर्सवर, तिथे पगार मिळतो म्हणून १.६ चे कितीतरी खेळाडू तिकडे गेले आणि नोव्हेंबर २००८ ला ती सिरीजच बंद पडली. दोन्हीकडे रांगा अर्ध्या, बक्षिसं विभागलेली. आठ वर्षांचं ते नुकसान ज्यांनी पाहिलंय ते पुन्हा तीच चूक का करतील?

नेड_स्टॅक

१.५ आणि १.६ मध्ये इंजिन तेच होतं. १.५ चे मॅप १.६ मध्ये जसेच्या तसे उघडायचे. गोचा एक वर्कशॉप मॅप (खेळाडूंनी बनवून स्टीमवर टाकलेला) सीएस २ मध्ये तसाच उघडून दाखवा, मग बोलू.

आणि फूट गोने मिटवली ती १.६ बंद करून नाही. १.६ आणि सोर्स दोन्ही चालू असताना लोक आपणहून आले. का आले? ऑगस्ट २०१३ चा आर्म्स डील हा अपडेट. पेट्या, त्या उघडायच्या विकतच्या किल्ल्या, आत स्किन (बंदुकांची रंगरूपं), आणि किल्ल्यांच्या विक्रीतून ड्रीमहॅक विंटरला अडीच लाख डॉलरचं बक्षीस. तो पहिला मेजर (व्हॉल्व्हच्या पाठिंब्याची मोठी स्पर्धा), फनॅटिक संघाने जिंकलेला. चांगलं काही दिलं की लोक येतात, दार बंद करावं लागत नाही.

सर्फवाला

मॅपचा विषय निघालाच आहे तर तो नीट कळू दे, कारण "पोर्ट करा की" म्हणणाऱ्यांना त्यात काय काय लागतं याची कल्पना नसते.

मॅप बनवणाऱ्याची मूळ फाइल नसेल तर आधी बीएसपी (तयार मॅपची फाइल) डीकंपाइल करून व्हीएमएफ (बदल करता येणारी फाइल) काढायची. मग वर्कशॉप टूल्समधली पायथनची इम्पोर्ट स्क्रिप्ट चालवायची, ती मटेरियल आणि मॉडेल नव्या रूपात आणते. निम्मं मटेरियल चुकतं, ते हाताने लावायचं. ब्रश (मॅपचे ठोकळे) आता ब्रश राहत नाहीत, मेश (पृष्ठभागांची जाळी) होतात. डीकंपाइलमध्ये तुकडे झालेले पृष्ठभाग जोडून घ्यावे लागतात, नाहीतर सर्फच्या (तिरक्या रॅम्पवरून घसरत जायचा खेळप्रकार) रॅम्पवर नेमक्या सांध्यावर खेळाडू अडकतो आणि वेग शून्य. प्रकाशयोजना पहिल्यापासून, आणि लाइटमॅप बेक करायला रे ट्रेसिंगचं ग्राफिक्स कार्ड. हे सगळं एका मॅपसाठी.

प्लगइनची कथा वेगळीच. गोवरचे सर्फ, केझी, रिटेक असे कम्युनिटीचे खेळप्रकार, सगळे सोर्समॉडवर (सर्व्हरवर प्लगइन चालवायचं साधन). सोर्समॉड सीएस २ च्या सोर्स २ इंजिनावर चालत नाही. मेटामॉड या दुसऱ्या साधनाला आधार मिळाला, पुढे काउंटरस्ट्राइकशार्प आलं, पण दहा वर्षांचे प्लगइन नव्याने लिहायचे ते फुकटात काम करणाऱ्यांनी. ज्या मॉडिंगमधून हा गेम जन्मला, त्याच लोकांना सहा महिन्यांची पूर्वसूचना. घोषणा २२ मार्चला, बदल २७ सप्टेंबरला, आणि टूल्स तर बहुतेकांच्या हाती मधल्या काळात नव्हतीच.

टिकटिक_१२८

मॅप, प्लगइन ही सगळी उपनगरं. खरा गुन्हा ६४ टिक (सर्व्हर सेकंदाला जितक्या वेळा खेळ पुढे सरकवतो तो आकडा). गोमध्ये व्हॉल्व्हचे सर्व्हर ६४ होते, पण फेसइट या बाहेरच्या सामने-सेवेवर १२८ मिळायचं, ज्याला हवं तो तिकडे जायचा. सीएस २ च्या मर्यादित चाचणीत फेसइटने १२८ लावूनही बघितलं. व्हॉल्व्हने रिलीजच्या आधीच ६४ असं ठोकून बसवलं की बाहेरच्या सर्व्हरलाही बदलता येईना. वर सांगायचं "सबटिक आहे, टिकरेट विसरा". विसरा कसं?

शांत_इको

सबटिक म्हणजे काय ते आधी समजून घ्या, नंतर चिडा. ६४ टिक म्हणजे सर्व्हर दर १५.६ मिलिसेकंदांनी जग पुढे सरकवतो, १२८ म्हणजे दर ७.८. गोमध्ये तुम्ही दोन टिकच्या मध्ये क्लिक केलं तर तो क्लिक पुढच्या टिकला धरला जायचा. सबटिकमध्ये कमांडसोबत नेमका क्षणही जातो आणि सर्व्हर त्या क्षणाला कोण कुठे होतं ते काढून गोळीचा निकाल देतो. गोळीच्या बाबतीत हे १२८ पेक्षाही बारीक आहे.

दुसरं, सांगली-सोलापूरहून मुंबईच्या सर्व्हरवर खेळणाऱ्याच्या लाइनला ८-१० मिलिसेकंदांचा जिटर (वेळेतली चढउतार) असतो. त्यात ७.८ चा फरक कुठे दिसणार? आधी वायफाय सोडून केबल लावा.

टिकटिक_१२८

केबलचा सल्ला नको. तुमचा हिशोबच अर्धा आहे. इंटरपोलेशन (हालचाल सलग दिसावी म्हणून गेम समोरच्याला थोडा मागून दाखवतो ते) कुठे गेलं? त्याची सेटिंग सीएल_इंटर्प_रेशो २ धरा. ६४ टिकवर समोरचा खेळाडू ३१ मिलिसेकंद जुना दिसतो, १२८ वर १५.६. म्हणजे फरक ७.८ चा नाही, दुप्पट. सबटिकने क्लिकची वेळ अचूक नोंदवली, पण समोरच्याची जागा तुम्हाला सेकंदाला ६४ वेळाच कळते. खबर जुनीच.

आणि सुरुवातीला तर गोळी क्लिकच्या क्षणी सुटायची, नळीचा जाळ मात्र पुढच्या टिकला दिसायचा. फ्लिक मारला (नेम झटक्यात वळवला) की गोळी एकीकडे, डोळ्याला दिसणारा नेम दुसरीकडे. उडीचंही तेच. कळ टिकच्या मध्ये कुठे दाबली यावरून उडीची उंची बदलायची, एकाच जागेवरून मारलेला स्मोक दोनदा दोन ठिकाणी. लाइनअप (ठरलेल्या जागेवरून करायच्या ठरलेल्या फेकी) शिकायचे कसे?

रायट कंपनीने तिच्या व्हॅलोरंट या गेममध्ये २०२० पासून सगळ्यांना फुकट १२८ दिलं. एका कोअरवर तीनपेक्षा जास्त सामने बसवायचे म्हणून सर्व्हरची एक फ्रेम २.३४ मिलिसेकंदांच्या आत आणली, चाचण्यांच्या सुरुवातीला ती ५० च्या घरात होती. ठरवलं तर होतं. व्हॉल्व्हला पेट्यांचे पैसे मोजण्यातून सवड नाही.

शांत_इको

पेट्या मध्ये आणू नका. उडीचा दोष होता, मान्य. तो दुरुस्तही केला: उडीत ग्रेनेड सोडला की आता फेक ठरलेल्या ठिकाणीच जाते, बाइंड लागत नाही. गोमध्ये त्यासाठी एलियस (आपली छोटी कमांड) लिहून एका कळीवर उडी आणि फेक बांधावी लागायची, आणि तरीही ६४ वर शिकलेला लाइनअप १२८ वर चुकायचा. म्हणजे तुमच्या लाडक्या १२८ नेच समाजाचे दोन भाग केले होते: मॅचमेकिंगवाल्यांचे स्मोक वेगळे, फेसइटवाल्यांचे वेगळे. हे विसरायचं का?

इंटरपोलेशनचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा देतो. पण "गुन्हा" वगैरे भाषा आवरा.

टिकटिक_१२८

भाषा आवरण्यापेक्षा त्यांनी सर्व्हर वाढवावेत. ऑगस्ट २०२४ ला एका कळीवर दोन हालचाली बांधणं बंद केलं, स्नॅप टॅपवाल्यांना (कीबोर्डकडून थांबणं आपोआप करून घेणाऱ्यांना) सामन्यातून बाहेर काढायला लागले. नियम कडक करायला वेळ आहे, मग १२८ ला का नाही?

लाँग_ए

स्नॅप टॅप बंद केला ते उत्तमच केलं. ए आणि डी या डावी-उजवीकडे जायच्या कळांमध्ये अचूक थांबणं हे या खेळातलं मूळ कौशल्य, ते कीबोर्डने करून द्यायचं तर खेळायचं कशाला? त्याचा टिकरेटशी काडीचा संबंध नाही.

आता मूळ प्रश्नावर येतो. नेड_स्टॅक, तुम्हाला जपायचाय तो गो कुठला? ऑगस्ट २०१२ चा? तो तर सोर्सचं एक्सबॉक्स ३६० वर रूपांतर करता करता हिडन पाथ या स्टुडिओकडे वाढलेला गेम. पीएस३ आणि पीसीवाल्यांना एकत्र खेळवायचा बेत होता, तो रिलीजआधीच सोडला. कन्सोलच्या आवृत्त्या जवळपास जागीच राहिल्या. की डिसेंबर २०१५ चा, ज्यात ८५० डॉलरचं आर८ रिव्हॉल्व्हर आलं आणि छातीत एक गोळी बसली की माणूस खाली? ते काही दिवसांत उतरवावं लागलं. की २०१८ चा, पॅनोरमा इंटरफेस आणि डेंजर झोनवाला, ६ डिसेंबरपासून फुकट? गो अकरा वर्षं त्याच ७३० मध्ये बदलत राहिला आणि जुनं कुणी जपलं नाही. तेव्हा धागा काढला नाहीत.

नेड_स्टॅक

न्यूक मॅप बदलणं, रिव्हॉल्व्हर आणणं आणि इंजिन बदलणं एका मापात मोजताय. रिव्हॉल्व्हर आलं तेव्हा कुणाचा कॉम्प्युटर गेममधून बाहेर पडला नव्हता. सीएस २ ने डायरेक्टएक्स ९ आणि ३२-बिट विंडोज बंद केलं. जुन्या ऑफिस मशीनवर सगळं लो करून गो चालायचा, ते मशीन एका दिवसात बाद.

मॅकवाली

आणि मॅक. गो पहिल्या दिवसापासून मॅकवर होता. सीएस २ मॅकवर नाहीच. व्हॉल्व्हचं स्पष्टीकरण: हे सगळे जुने प्रकार मिळून सक्रिय खेळाडूंच्या एक टक्क्याहून कमी. ज्या गेमने मे २०२३ मध्ये एका वेळी १८ लाख खेळाडू पाहिले, त्याचा एक टक्का काही थोडा नाही. प्राइमचे (विकत मिळणाऱ्या वरच्या खात्याचे) पैसे परत दिले, पण ज्यांचा बहुतेक खेळ मॅकवर झालाय त्यांनाच, आणि १ डिसेंबर २०२३ पर्यंतच. स्किनचं काय? त्या इन्व्हेंटरीत पडून. विकायच्या तर पैसे स्टीम वॉलेटमध्ये, म्हणजे पुन्हा त्याच दुकानात. टिकरेटवर पानं भरताय, इथे गेमच चालत नाही.

शांत_इको

मॅकवाली यांचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात भक्कम आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण स्मोकबद्दल कुणीच बोललं नाही. गोमध्ये स्मोक प्रत्येकाच्या स्क्रीनवर वेगळा दिसायचा, त्यामुळे वन-वे व्हायचे: एकाला पाय दिसतात, दुसऱ्याला भिंत. आता धूर सगळ्यांना सारखा, खोली भरतो, दारातून बाहेर येतो, एचई (स्फोटक ग्रेनेड) टाकला की क्षणभर भोक पडतं. हे जुन्या इंजिनावर झालंच नसतं.

नेड_स्टॅक

स्मोक चांगला आहे. रांग विभागली गेली असती हेही धरून चालू. मग मॅचमेकिंग फक्त सीएस २ ला द्यायचं आणि गो वेगळ्या क्रमांकावर, कम्युनिटी सर्व्हरपुरता, ठेवायचा. २०१८ पूर्वी लोकांनी तो १५ डॉलर मोजून घेतलाय.

लाँग_ए

त्या सगळ्यांना फुकट होताना प्राइम आपोआप मिळालं, आणि तेच प्राइम नव्या लोकांना १५ डॉलरला विकलं गेलं, जून २०२१ पासून तर फक्त विकतच. पैसे बुडाले असं म्हणता येणार नाही. तुम्ही मागताय तो मॅचमेकिंग नसलेला गो लेगसी शाखेत होताच.

सर्फवाला

शाखा होती, पण "जानेवारीनंतर काय चालेल सांगता येत नाही" ही पाटी लावून. अशा शाखेवर कोण सर्व्हरचं महिन्याचं भाडं भरतं? वेगळा ॲप असता तर सोर्ससारखे आजही सर्फचे सर्व्हर भरलेले असते. सोर्सचा २४० उघडा आणि सर्व्हर यादीत "सर्फ_" टाकून बघा.

टिकटिक_१२८

आणि त्यातले चांगले सर्व्हर ६६ नाहीतर १०० टिकवर आहेत.